तट्टू गाडीला चालतंय झकास, पण उभंच राहीना

माळरान_अहमदपूर:
राम राम मंडळी. यंदा माळेगावच्या यात्रेतून एक तट्टू आणलंय, मादी आहे, अबलख रंगाची, उंचीला जेमतेम ४४ इंच, विकणारा म्हणला चार वर्षाची आहे आणि गाडीला शिकलेली आहे. घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळं. दुधाचे दोन कॅन डेअरीवर न्यायला मोटरसायकलची जुनी चाकं लावून छोटा छकडा करून घेतला. चालायला एक नंबर, ट्रॅक्टर गेला तरी बुजत नाही. पण उभी म्हणून राहत नाही. मी चढायला पायरीवर पाय ठेवला की ही निघालीच, डेअरीपुढं कॅन उतरवायलोय तर पाय आपटतीय, मागंपुढं करतीय. परवा तर एक कॅन अर्धा खाली अन् अर्धा गाडीत असताना हिनं हिसका दिला, वीस लिटर दूध गटारात, लोक हसायलेत. लगाम ओढून धरला तर अजूनच नाचते. चुलते म्हणतात तट्टाला टुमणी अन् तेजीला इशारत, दोन फटके दे. मला काय ते पटत नाही. कुणी शिकवलंय का असं जनावर?

टांगेवाल्याचा_नातू:
भाऊ फटके देऊ नका, उभं राहिलं की मार पडतो एवढंच ती शिकंल. आमचे आजोबा परभणी स्टेशनवर टांगा हाकायचे, मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसूनच मोठा झालो. तुमचं कुठं चुकतंय सांगू का, पाय पायरीवर पडला की निघायचं हे तुम्हीच तिला शिकवलंय, कारण तुम्ही चढलात की लगेच हाकलता. आजोबा टांग्यात बसले की आधी पानाची चंची काढायचे, पान पुसणार, चुना लावणार, सुपारी कातरणार, पान तोंडात गेलं की मग लगाम उचलून "चल बेटा". घोडं तोवर कान मागं करून नुसतं ऐकत उभं. कधी पान खाऊन परत खाली उतरायचे, जायचंच नाही. मला वाटायचं म्हातारा विसरला, पण तो मुद्दाम करायचा ते.

तुम्ही आधी छकडा सोडा. नुसता साज घालून लांब दोऱ्या लावा अन् मागून चालत हाका, मधीच "होऽऽ" म्हणून थांबवा. थांबली की त्याच क्षणी दोरी ढिली, हे सगळ्यात महत्त्वाचं. ताणून धरलं की तोंडात कडियाळ, म्हणजे लगामाचं लोखंड, टोचतं, मग ती नाचणारच की. पाऊल पुढं टाकलं तर ओरडायचं नाही, गुपचूप होती तिथंच मागं आणायचं आणि परत ढिली. पहिल्या दिवशी पाच आकडे मोजेपर्यंत उभी राहिली तरी खूप झालं. दहा-पंधरा मिनिटं करा अन् सोडून द्या, तासभर रगडू नका.

कडबा_पेंडी:
एवढं कशाला, तोबरा बांधा तोंडाला. हरभऱ्याची चुणी घाला त्यात, खात उभी राहती. आन् डेअरीपुढं खांब असंल त्याला लगाम बांधून टाका, विषय संपला.

टांगेवाल्याचा_नातू:
दादा तोबरा ठीक आहे, स्टँडवर तासतास उभं राहायचं असलं की सगळेच बांधायचे. पण तोबऱ्यातलं संपलं की काय? उभं राहणं शिकली नाही, खाणं शिकली. आणि गाडी जुंपलेली असताना लगाम खांबाला कधीच बांधू नका. बुजली आणि मागं रेटलं तर एक तर लगाम तुटतो नाहीतर जबडा फाटतो, वर गाडी अंगावर. तसंच गाडी पूर्ण सुटून बाजूला होईपर्यंत तोंडातला लगाम काढायचा नाही. जुंपताना लगाम आधी, सोडताना लगाम सगळ्यात शेवटी.

ढोरांचा_डॉक्टर:
शिकवण्याच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कुठं घासतोय का, कोपराच्या मागं हात घाला. छातीवरचा पट्टा वर सरकून श्वासनळीवर येतोय का तेही बघा, आणि छकड्याचं वजन पुढं झुकलेलं असलं तर दांड्यांचा भार पाठीवर पडतो. चालताना जनावर दुखणं विसरतं, उभं राहिलं की जाणवतं. दुसरं म्हणजे दात. घोड्याचे समोरचे मधले दुधाचे दात अंदाजे अडीच वर्षाला बदलतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. यात्रेतलं वय हे यात्रेतच सोडून यायचं असतं. कडेचे अजून दुधाचे असतील तर सध्या रिकामी गाडीच, आणि तीही थोडा वेळ. आता ऊन वाढेल, ३७ डिग्रीच्या वर पारा गेला की दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, हे ओझ्याच्या अन् गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या सरकारी नियमातच आहे. चुणी-हरभरा कमी करा, काम कमी अन् दाणा जास्त झाला की जनावराच्या अंगात मस्ती येते. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं नसेल तर देऊन घ्या, घोड्याला फार लवकर होतो.

माळरान_अहमदपूर:
डॉक्टरसाहेब तुमचं वाचून लगेच गोठ्यात गेलो बॅटरी घेऊन. डाव्या कोपरामागं रुपयाएवढं सोललंय, केसात झाकलेलं, रोज खरारा करणाऱ्या मला दिसलं नाही याची लाज वाटली. कडेचे दात बारके अन् पांढरेशुभ्र, म्हणजे दुधाचेच. तंग बंद केलाय, जखम भरंपर्यंत नुसती मोहरकी (तोंडावरची दोरी, कडियाळ नसलेली) घालून बांधावर "होऽऽ" चालू आहे.

माळरान_अहमदपूर:
नऊ दिवस झाले, सांगतो म्हणलेलं. काल चाळीस आकडे उभी राहिली, दोरी जमिनीवर लोंबती सोडून. एक्केचाळीसला शेजाऱ्याचं कुत्रं आलं तेव्हा हलली, ते धरत नाही मी. पान खात नाही म्हणून मी समोर उभं राहून तंबाखू मळतो, तिला आता चुन्याच्या डबीचा आवाज कळायलाय. कॅन सध्या मोटरसायकलवरच. बायको म्हणती, पेट्रोलच जाळायचं होतं तर ही चौथी पोरगी कशाला आणली.