स्वयंपाकघर नव्याने करताना: डिझायनर घ्यावा का?

विषय: स्वयंपाकघराचं काम, डिझायनरबद्दल सल्ला हवा

सर्वांना नमस्कार,

स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करायचं ठरवलंय. कंत्राटदार म्हणतो, आराखडा मीच काढतो, डिझायनर कशाला? ह्यांचंही म्हणणं तेच, त्या पैशात ओट्याला चांगला दगड येईल. मी फोटो पुष्कळ जमवलेत. डिझायनरकडे गेलेच, तर आधी काय दाखवायचं?

---

उत्तर: स्वयंपाकघराचं काम

ताई, मी याच व्यवसायात आहे. माझं स्पष्ट मत, डिझायनर घ्या.

फोटो नंतर दाखवा. पहिल्या भेटीत तुमचा रोजचा वावर सांगा. एका वेळी किती जण राबतात, कुणाची उंची किती, कुणाला वाकायला त्रास होतो, डावखुरं कोण, सामान आठवड्याचं भरता की महिन्याचं, सगळ्यात जड भांडं कुठून काढता. फोटोंवरून आवड कळते. ओटा किती उंच हवा, हे या उत्तरांवरून ठरतं. तयार कपाटांवरचा ओटा साधारण 36 इंचांवर येतो. चिरण्या-मळण्याची जागा मात्र कोपराच्या चार ते सहा इंच खाली असली की खांदे भरून येत नाहीत. त्यामुळे ठेंगण्या माणसाला 36 इंच उंच पडतात. हे आधी कुणी विचारलंच नाही, तर वर्षानुवर्षं सोसावं लागतं.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांच्या त्रिकोणाबद्दल ऐकलं असेल. प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट, तिन्हींची बेरीज 26 फुटांच्या आत. ही कल्पना 1940 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या कामातून रुजली, आणि ती एकट्याने स्वयंपाक करणाऱ्यासाठी आहे. तुमच्याकडे दोघं उभे राहत असतील, तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये 42 ऐवजी 48 इंच जागा मागा. फ्रीजच्या मुठीच्या बाजूला निदान 15 इंच मोकळा ओटा हवा. सिंकच्या एका बाजूला 24 आणि दुसऱ्या बाजूला 18 इंच. कंत्राटदाराचा आराखडा बहुतेकदा जुन्या नळांपासून सुरू होतो, आणि मग नेमक्या याच जागा बळी जातात.

आराखडा हातात आला की जमिनीवर चिकटपट्टीने तो आखा आणि त्यात वावरून बघा. फ्रीज, ओव्हन आणि डिशवॉशर यांची दारं एकाच वेळी उघडी आहेत असं धरा.

---

उत्तर: स्वयंपाकघराचं काम

आम्ही कपाटांच्या दुकानातला डिझायनर घेतला होता. वेगळी फी नव्हती. नळ, शेगडी सगळं होतं तिथेच ठेवलं, आणि काम छान झालं. प्रत्येकाला स्वतंत्र डिझायनर लागतोच असं नाही.

---

उत्तर: स्वयंपाकघराचं काम

दादा, बरोबर आहे. मांडणी बदलायची नसेल तर दुकानातला डिझायनर पुरतो. फक्त त्याचा मोबदला कपाटांच्या विक्रीतून निघतो, त्यामुळे मोकळी भिंत दिसली की तिथे कपाट सुचतं.

ताई, स्वतंत्र डिझायनरला चार गोष्टी आधीच विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. फी ठोक की तासावर, किती वेळा बदल करून मिळतील, आराखडे दुसऱ्या कंत्राटदाराला दाखवता येतील का, आणि पुरवठादारांकडून कमिशन मिळतं का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नक्की विचारा. चांगला माणूस सरळ उत्तर देतो.

भिंत पाडायची असेल तर ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगायचं. ते आमचं काम नाही. फ्रीज, शेगडी आणि एक्झॉस्टचं मॉडेल आराखडा पक्का होण्यापूर्वी ठरवा, कारण विजेचे पॉइंट आणि कपाटांची मापं त्यावर बेततात. खर्चाच्या 10 ते 15 टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुन्या भिंतीमागे काय निघेल ते उघडल्यावरच कळतं.

आणि कंत्राटदार कितीही घाई करू दे, नवी कपाटं येऊन, मोजून, तपासून होईपर्यंत जुनं स्वयंपाकघर तोडू देऊ नका. मापात एक जरी चुकलं, तरी बदली कपाट यायला कित्येक आठवडे लागू शकतात.