पिग्मी एजंटांच्या मोबाइलवर सर्टिफिकेट आपोआप कसं चढवायचं? सल्ला हवा

कुडाळचा_आयटीवाला
नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेचं आयटी बघतो. मुख्य कचेरी कुडाळला, शाखा मालवण, वेंगुर्ला, देवगडकडे. दीडेकशे मोबाइल, जवळपास सगळे अँड्रॉइड, साहेबलोकांचे चारपाच आयफोन. पिग्मीचं ॲप सर्व्हरशी जोडताना क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे फोनचं डिजिटल ओळखपत्र, मागतं. शिवाय शाखांचं वायफाय पासवर्डवरून ईएपी-टीएलएसवर (सर्टिफिकेटने ओळख पटवण्याची पद्धत) न्यायचंय.

माझ्या आधीपासून चालत आलेली पद्धत अशी: कचेरीत पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, एकत्र) बनते, शाखाधिकारी ती व्हॉट्सॲपवर एजंटला पाठवतो, पासवर्डही त्याच चॅटमध्ये. मुदत सगळ्यांची एकदम संपते, तीही ऐन गणपतीच्या तोंडावर. एमडीएम (सगळे फोन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात एससीईपी (सर्टिफिकेट आपोआप मागवण्याची पद्धत) असा पर्याय दिसतो. बजेट पतसंस्थेचं, म्हणजे समजून घ्या.

रत्नांग्रीचो_नेटवर्कवालो
गाववाल्या, ता व्हॉट्सॲपचा आधी बंद कर रे!

एससीईपी घे. त्यात प्रायव्हेट की फोनमध्येच तयार होते, बाहेर जाते ती फक्त विनंती आणि परत येतं सही केलेलं सर्टिफिकेट. पीएफएक्समध्ये ही की कचेरीत जन्मते आणि मग गावभर फिरते, सगळा घोळ तिथेच आहे.

एक मात्र नीट बघ. विनंतीसोबत जो चॅलेंज पासवर्ड जातो, तो सगळ्या फोनना एकच ठेवलास तर ज्याच्या हाती तो पडेल तो कुणाच्याही नावाने, अगदी चेअरमनच्या नावानेही, सर्टिफिकेट मागू शकतो. अमेरिकेच्या सर्ट या सायबरसुरक्षा संस्थेने २०१२ मध्येच यावर इशारा दिला होता. प्रत्येक फोनला वेगळा, एकदाच चालणारा चॅलेंज हवा आणि विनंतीतलं नाव त्याच फोनचं आहे का हे सीएने (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) एमडीएमला विचारून बघायला हवं. एमडीएमवाल्याला पहिला प्रश्न हाच विचार. तो अडखळला तर पुढचा डेमो बघू नकोस.

घाटावरचा_पाहुणा
सीए कोणता, हे कुणीच बोललं नाही. विंडोज सर्व्हर आधीच असेल तर त्यातलं सर्टिफिकेट सर्व्हिसेस आणि जोडीला एनडीईएस (त्याला एससीईपी जोडून देणारा भाग). फक्त एनडीईएसचं मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, पुढे प्रॉक्सी लावा. लिनक्स जमत असेल तर स्टेप-सीए किंवा ईजेबीसीए. दोन्ही फुकट मिळतात, पण एससीईपीतली कुठली सोय फुकट आवृत्तीत आहे ते आधी तपासा. रूटची, म्हणजे सगळ्यात वरच्या सीएची, की कपाटात बंद, रोजचं काम त्याच्या हाताखालच्या इंटरमीडिएट सीएकडे.

बाजारातल्या सार्वजनिक सीएकडून क्लायंट सर्टिफिकेट विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सार्वजनिक सीएने तर २०२६ पासून क्लायंट ओळखीचा वापर काढून टाकायचं जाहीर केलंय. सर्व्हरचं सार्वजनिक सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट: त्याची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७. तिथे अ‍ॅक्मे (सर्टिफिकेट आपोआप घेण्याची आणि बदलण्याची पद्धत) लावून मोकळे व्हा. ॲपमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट पिन केलेलं, म्हणजे ठरावीक तेच चालेल असं पक्कं बसवलेलं, असेल तर ॲपवाल्याला आजच फोन करा.

दापोलीचा_पाऊस
वरचे सल्ले बरोबर, पण सगळे वीज आहे असं धरून चाललेत. आमच्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. कुणीतरी येऊन सांगेल की सर्टिफिकेट सात दिवसांचं ठेवा, तेच सुरक्षित. पुस्तकात ठीक. इथे फोन तेवढा वेळ बंद राहिला की एजंट बाहेर.

माझं मत: मुदत एक वर्ष, नूतनीकरण २० टक्के मुदत उरली की, म्हणजे साधारण ७३ दिवस आधी. एवढ्यात अख्खा पावसाळा नसला तरी त्यातला वाईट भाग निघून जातो. नूतनीकरणाचा पत्ता मोबाइल डेटावरून पोचेल असा ठेवा. तो शाखेच्या वायफायमागे असेल आणि वायफायला सर्टिफिकेट लागत असेल, तर मुदत संपलेला फोन आत येणार कसा?

आणि दीडशे फोनना एका दिवशी ढकलू नका, नाहीतर पुढच्या वर्षी परत सगळी एकदम संपतील. एकेक शाखा घ्या.

फोन हरवला तर नुसता वाइप (दुरून फोन पुसणं) पुरत नाही, सर्टिफिकेट रद्द करा आणि रेडियस सर्व्हर (वायफायला कुणाला घ्यायचं ते ठरवणारा) व ॲपचा सर्व्हर दोघेही सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) तपासतात ना ते बघा. सीआरएललाही स्वतःची मुदत असते. ती शिळी झाली की एका सकाळी सगळ्याच शाखांचं वायफाय नाही म्हणतं, आणि लोक राउटर बंद-चालू करत बसतात.

कुडाळचा_आयटीवाला
हे फार कामाचं. एका फोनवर एससीईपी चालवून पाहिलं. सर्टिफिकेट आलं, वायफाय लागलं, पण पिग्मीच्या ॲपला ते दिसतच नाही!

रत्नांग्रीचो_नेटवर्कवालो
ॲप वर्क प्रोफाइलच्या (फोनमधला कामाचा वेगळा कप्पा) बाहेर असेल. सर्टिफिकेट प्रोफाइलच्या आत पडतं, म्हणून ॲपही आतच हवं. मग ॲपने अँड्रॉइडच्या कीचेनमधून (सर्टिफिकेटांची तिजोरी) ते मागायचं आणि एमडीएममध्ये त्या ॲपला परवानगी देऊन ठेवायची, म्हणजे एजंटसमोर निवडीची खिडकी उघडत नाही. ॲपवाल्याने फाइल वाचणारा जुना कोड ठेवला असेल तर तो बदलून घ्यावा लागेल.

आयफोनचं निराळं. एमडीएमच्या प्रोफाइलमधून आलेलं सर्टिफिकेट वायफाय, व्हीपीएन, सफारीला मिळतं, साध्या तिसऱ्याच्या ॲपला नाही. साहेबांना वेब पानच द्या सफारीत. आयओएस १६ पासून तिथे अ‍ॅक्मेही चालतं, फोन खरा ॲपलचाच असल्याची ग्वाही ॲपलकडून मिळते. पण चारपाच फोनांसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

कुडाळचा_आयटीवाला
ॲप प्रोफाइलच्या बाहेरच होतं. वेंगुर्ल्यापासून सुरुवात करतो. जुन्या पीएफएक्सवाल्यांची मुदत संपेपर्यंत थांबू का?

दापोलीचा_पाऊस
नको. त्या फायली अजून चॅटमध्ये पडून आहेत. ज्या शाखेत नवी लागली, तिथली जुनी त्याच संध्याकाळी रद्द करा. फक्त त्या दिवशी रजेवर असलेल्या एजंटांची यादी आधी शाखाधिकाऱ्याकडून घ्या.