चाळीस वर्षे एकच पूरिया धनाश्री ऐकलेल्या कानाला नवे गाणे कसे ऐकवावे?

सांजश्रोता (सोलापूर)

नमस्कार. मी गायक नाही, वादकही नाही. 1983 सालापासून शास्त्रीय संगीत नियमाने ऐकणारा आणि आता सेवानिवृत्त झालेला एक सामान्य श्रोता आहे. महाविद्यालयात असताना मामांनी मला साठ मिनिटांची एक कॅसेट दिली होती आणि तिच्या एका बाजूला पंडित भीमसेन जोशी यांनी गायलेला पूरिया धनाश्री हा राग होता. ते मुद्रण कोणत्या मैफलीचे हे मामांनाही ठाऊक नव्हते, कारण एकाच्या प्रतीवरून दुसऱ्याने आणि दुसऱ्याच्या प्रतीवरून तिसऱ्याने, अशा हातांहातांतून ते आमच्यापर्यंत पोहोचले होते. मी ती बाजू इतक्या वेळा ऐकली आहे की विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात एके ठिकाणी श्रोत्यांपैकी कोणी तरी खोकते, तो खोकलाही मला समेइतकाच (तालाच्या पहिल्या मात्रेइतकाच) पाठ आहे. ‘पायलिया झनकार’ ही द्रुत (जलद लयीची) बंदिश माझ्याकडे ऐन तानेत तुटते, कारण तिथे फीत संपते. आजही दुसऱ्या कोणाची ही बंदिश ऐकताना त्या सुमारास माझा हात नकळत बाजू पालटायला उठतो.

मुलीने फोनवर हवे ते गाणे काढून ऐकण्याची सोय करून दिल्यापासून अडचण सुरू झाली. मी नवे गायक मन लावून ऐकतो, त्यांच्या तयारीबद्दल मला शंका नाही, पण दहाव्या मिनिटाला मी मनाने जुन्या कॅसेटकडे परतलेला असतो. राशिद खाँ यांची हीच बंदिश प्रथम ऐकली तेव्हा तालाच्या पहिल्याच आवर्तनात ‘मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) असा नव्हे’ असे वाटून मी ती बंद केली होती. जानेवारी 2024 मध्ये ते गेले आणि त्यांना समोर बसून ऐकण्याची संधी आपण केवळ हट्टापायी घालवली, याची चुटपुट लागून राहिली.

गंमत अशी की जुन्या गाण्याशी असलेले नातेही तसेच राहिलेले नाही. विशीत ज्या तानांवर मी जीव टाकत असे, त्यांतल्या काही आता नुसत्या दणदणाटासारख्या वाटतात. उलट मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे तेव्हा ‘हे बुवा श्वास घ्यायला तरी थांबतात का’ म्हणून मी बाजूला ठेवले होते, ते हल्ली संपू नये असे वाटते. म्हणजे कान बदलतो आहे, फक्त नव्याला दार उघडत नाही. आपल्यापैकी दीर्घकाळ ऐकणाऱ्यांनी यातून वाट कशी काढली?

तंबोरा (पुणे)

आपण नवे गायक ऐकायला घेतलेत, पण राग मात्र तोच ठेवलात, आणि मला वाटते चूक तिथेच झाली. ज्या रागाची कॅसेट आपल्या डोक्यात वाजतच नाही, असा राग निवडा. जयपूर-अत्रौली घराण्यात खट, खोकर, बिहारी, रायसा कानडा, ललिता गौरी असे राग गायले जातात आणि त्यांतले बरेचसे सर्वसाधारण श्रोत्याच्या कानावरून क्वचितच गेलेले असतात. याच घराण्याचे मन्सूर आपल्याला आता आवडू लागले आहेत, तर त्यांच्याकडूनच हे राग ऐका आणि मग त्याच वाटेने अश्विनी भिडे-देशपांडे किंवा मंजिरी असनारे-केळकर यांच्याकडे या. मुखडा ‘असा नव्हे’ म्हणायला तिथे जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली सुरू झाला आणि कित्येक वर्षे तो रात्रभर चाले. रमणबागेच्या मैदानावर पहाटेची भैरवी ऐकून सकाळी थेट कार्यालयात गेलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यावर मैफली दिवसाकडे सरकल्या. रात्र गेली याचे दुःख मला आजही आहे, परंतु त्यामुळे दुपारचे मुलतानी, भीमपलासी, मधुवंती हे राग भरपूर कानी पडू लागले आणि नव्या पिढीशी माझी खरी ओळख या रागांतूनच झाली. पंडित व्यंकटेश कुमार यांच्यासारखे, गदगच्या पुट्टराज गवईंकडे शिकलेले गायक तर घरी बसून तुकड्यातुकड्यांनी ऐकूच नयेत. तो आवाज समोर बसूनच अंगावर घ्यावा.

आडवाटेचा (फोंडा)

वर दिलेला सल्ला मला पटत नाही. तुलना टाळल्याने तुलनेची सवय सुटत नाही. अनोळखी राग ऐकताना सुटल्यासारखी वाटते आणि यमनसारखा ओळखीचा राग लागताच परत येते. मी नेमके उलट केले, म्हणजे नव्याकडे जाण्याआधी आणखी मागे गेलो. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटे मिळत आणि राग, बंदिश, आलाप, ताना हे सारे तेवढ्यात बसवावे लागे. आमच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासचीच आहे. ती दिवसातून चार वेळा ऐकली, तरी सगळी मिळून पंधरा मिनिटे लागत नाहीत.

अशी तीन मिनिटे ऐकताना कानाला एक शिस्त लागते, ती अशी की काय गाळले आहे तेही ऐकू येऊ लागते. मग आजच्या गायिकेचा पाऊण तासाचा ख्याल ऐकताना ‘हे जुन्यासारखे नाही’ यापेक्षा ‘या बाई इथे का थांबल्या असतील’ असा प्रश्न मनात येतो. कौशिकी चक्रवर्ती मला आधी अति चपळ वाटत असत. आजही कधी कधी वाटतात, पण आता ती माझी तक्रार असते, न ऐकण्याचे कारण नसते.

पांढरी_दोन (नाशिक)

मी विद्युत अभियंता आहे, त्यामुळे मला थोडी वेगळी शंका येते. आपली कॅसेट योग्य गतीने वाजते का, हे आपण कधी पाहिले आहे का? फितीची ठरलेली गती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर असते. नक्कल करताना यंत्र मंद चालले असेल, तर ती नक्कल चांगल्या यंत्रावर जलद वाजते आणि स्वर चढतो. गतीत सुमारे 6 टक्के फरक पडला की षड्ज (गायकाचा ‘सा’) पेटीच्या पांढरी एकवरून काळी एकवर, म्हणजे अर्धा स्वर वर, जातो आणि अर्ध्या तासाच्या गाण्यातील सुमारे पावणेदोन मिनिटे कमी होतात. हाताहाताने उतरवलेल्या प्रतींत असे होणे मुळीच दुर्मीळ नाही. तबकड्यांचेही तेच आहे, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी 78 ही गतीच सर्वत्र पक्की झालेली नव्हती.

गायक पट्टी थोडीफार बदलतात, म्हणून केवळ षड्जावरून निकाल देऊ नये. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते (त्या काळी ती जरा खालीवर होई, पण फार नाही) आणि तिची बारीक गुणगुण मुद्रणात शिरलेली असते. कॅसेट संगणकावर उतरवून घ्या आणि वारंवारतांचा आलेख पाहा. तिथे 50 ऐवजी 53 च्या जवळ रेघ दिसली, तर आपण चाळीस वर्षे जे ऐकत आलात, त्यात थोडा वाटा मोटरचा आहे.

सांजश्रोता (सोलापूर)

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. भाच्याकडून कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. आलेखात दोन रेघा दिसल्या. एक 50 वर होती, ती भाच्याच्या मते आमच्याच यंत्राने आता मिसळलेली. आणि तिच्या वर, 53 ला किंचित कमी, दुसरी पुसट रेघ होती. त्या प्रमाणात गती उतरवून आम्ही दोघे पूर्ण बाजू ऐकत बसलो.

पहिली काही मिनिटे मला तो आवाज परका वाटला, इतका की हे पंडितजी नव्हेतच असे म्हणण्यापर्यंत मी आलो होतो. पंचमावर येताना कोमल धैवताला होणारा स्पर्श मी आजवर झटक्यासारखा ऐकत आलो होतो, तो आता तिथे क्षणभर टेकलेला ऐकू येतो. द्रुतातला जो आवेश मला इतर कोणाकडेच सापडत नव्हता, त्यातला काही भाग खरोखरच मोटरचा होता. त्याच संध्याकाळी राशिद खाँ यांची बंदिश पुन्हा लावली. मुखडा अजूनही मला ‘तसा’ वाटत नाही, परंतु या वेळी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मधल्या एका ठिकाणी मागे जाऊन दोनदा ऐकली. फोंड्याच्या मित्रांनी सांगितलेली भैरवीही चालू आहे. खट आणि खोकर यांच्यासाठी अजून सवड झालेली नाही.

तो खोकणारा गृहस्थ मला आजवर तरुण वाटत आला होता. योग्य गतीत तो चांगला पन्नाशीचा निघाला. मामा आता 84 वर्षांचे आहेत आणि मूळ कॅसेट त्यांच्याकडे अजूनही रोज संध्याकाळी वाजते. त्यांना यातले काहीही सांगितलेले नाही.