मदत हवी आहे: टी-बीमवरची पॉवर चिप उत्तर देते, पण जीपीएसला वीज सोडत नाही

सह्यकडा:
नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या दिंडीसोबत पाण्याचा टँकर असतो. पालखी मार्गावर गर्दी वाढली की मोबाईल लागत नाहीत आणि टँकर पुढे गेलाय की मागे राहिलाय, हे कुणालाच कळत नाही. म्हणून टँकरवर टी-बीम (जीपीएस आणि रेडिओ असलेला छोटा सर्किट बोर्ड) बसवून लोरावरून, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओवरून, ठिकाण कळवायचा बेत आहे. आषाढी तोंडावर आली आहे आणि गाडं पहिल्याच पायरीवर अडलंय.

बोर्डवर जीपीएस आणि लोरा या दोघांची वीज पॉवर चिपच्या हातात आहे. चिपशी बोलणं आय-टू-सीवर (चिपांमधला दोन तारांचा संवाद), पिन २१ आणि २२. स्कॅनरला ॲड्रेस हेक्स (सोळाच्या पद्धतीतला आकडा) ३४ दिसतो. एएक्सपी१९२ या पॉवर चिपच्या डेटाशीटप्रमाणे रजिस्टर (चिपमधला सेटिंगचा कप्पा) हेक्स २८ मध्ये एफएफ लिहिलं, म्हणजे एलडीओ२ आणि एलडीओ३ (चिपमधून निघणारे वीजपुरवठे) दोन्ही ३.३ व्होल्ट. मग रजिस्टर हेक्स १२ मधले बिट २ आणि ३ चढवले, म्हणजे १ केले. दर वेळी चिप पोच देते, एरर येत नाही. तरी मल्टिमीटरवर जीपीएसच्या पुरवठ्याला शून्य. लोरा सुरूच होत नाही. ईएसपी३२, म्हणजे बोर्डचा मुख्य प्रोसेसर, मात्र व्यवस्थित चालतोय. हेच स्केच (प्रोग्राम) मित्राच्या जुन्या टी-बीमवर बिनतक्रार चालतं. चिप जळली असेल का?

तांब्याची तार:
जळलेली चिप पोच कशाला देईल? बोर्डवर आवृत्ती काय छापली आहे ते बघा. १.१ पर्यंत एएक्सपी१९२ होती, १.२ वर एएक्सपी२१०१ आली. दोघींचा ॲड्रेस हेक्स ३४ च, पण आतली रजिस्टरं पार वेगळी. रजिस्टर हेक्स ०३ वाचा. १९२ असेल तर ०३ मिळेल, २१०१ असेल तर ४ए.

सह्यकडा:
बोर्डवर १.२ लिहिलंय, आणि वाचल्यावर ४ए आलं! मग मी हेक्स १२ मध्ये लिहीत होतो ते कुठे जात होतं?

तांब्याची तार:
२१०१ मध्ये १२ हे बॅटरीच्या स्विचचं रजिस्टर आहे, म्हणून ती ओळ आधी काढून टाका. बोर्डची वीज एकदा पूर्ण काढा, बॅटरीसकट, म्हणजे आधी लिहिलेलं पुसलं जाईल.

आता नवं. १.२ वर लोरा एएलडीओ२ या पुरवठ्यावर आहे आणि जीपीएस एएलडीओ३ वर. आधी व्होल्टेज ठरवा, चालू नंतर करा. एएलडीओ ०.५ व्होल्टपासून ०.१ च्या पायऱ्यांनी चढतो, ३.३ साठी २८ पायऱ्या, म्हणजे हेक्स १सी. ते रजिस्टर ९३ आणि ९४ मध्ये लिहा (रजिस्टरांचे आकडेही हेक्सच). मग रजिस्टर ९० आधी वाचा, त्यात बिट १ आणि २ मिळवा आणि परत लिहा. थेट ०६ लिहू नका, बाकीचे पुरवठे बंद पडतील. रजिस्टर ८० ला तर हातच लावू नका. तिथल्या डीसी१ या पुरवठ्यावर ईएसपी३२ स्वतः जगतो, तो बिट उतरला की बोर्ड जागच्या जागी मेला.

निळी वायर:
थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. लोराची फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या आतच ठेवा, आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना खुला आहे. उदाहरणांत बऱ्याचदा ८६८ किंवा ९१५ लिहिलेलं असतं. आणि अँटेना लावल्याशिवाय प्रक्षेपण करू नका.

सह्यकडा:
तारदादा, झालं! दोन्हीकडे ३.३ व्होल्ट आले. ९६०० वर जीपीएसची वाक्यं येताहेत, अंगणात ठेवल्यावर ठिकाणही मिळालं. लोरा ८६६ वर लावला. शेवटचं एकच: टँकर मुक्कामाला थांबला की जीपीएस बंद करू का? बॅटरी एकच आहे.

तांब्याची तार:
खुशाल करा, ९० मधला बिट २ उतरवला की झालं. पहाटे दिंडी निघायच्या थोडं आधी परत चढवा, उपग्रह सापडायला वेळ लागतो. चालत्या प्रवासात मात्र चालूच ठेवा.