तंबाखूच्या पाइपची तोंडात धरायची नळी हिरवट पडली तर : ब्लीच नको

हिरवट पडलेली नळी रात्रभर ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, असा सल्ला या चर्चेत कुणीतरी दिलाय; तो कृपया कुणी पाळू नका. हिरवट थर निघतो खरा, पण खालच्या एबोनाइटला बारीक खड्डे पडतात आणि घासायचं काम दुप्पट होतं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, नळी त्याचीच असते. ऊन आणि दमट हवा लागली की वरचा थर खराब होतो, ती कडवट चव त्याचीच. मालवणच्या घरी आजोबांचा पाइप कायम खिडकीत असायचा. नळीची उजेडाकडची बाजू शेवाळी झाली होती, भिंतीकडची मात्र काळीभोर.

मी ४०० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर) सुरुवात केली, मग आणखी बारीक ८००, १२००, २०००. बोटांवरून पिवळट-तपकिरी पाणी ओघळत होतं, त्याला गंधकाचा वास. इथे कुणी लिहिलं नाही ते सांगतो : घासताना नळी वाटीला (तंबाखू भरायच्या लाकडी भागाला) लावलेलीच ठेवा, वाटीच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळा. सुटी घासली की सांध्याची कड गोल होते आणि तिथली फट कायमची राहते. गरम पाणी अजिबात नको, रंग आणखी बिघडतो. शेवटी खोबरेलाचं एक बोट फिरवून कोरड्या मलमलीने पुसलं. पाइप आता कपाटात असतो, उजेडापासून लांब.