कोलोरॅडो नदीच्या मेक्सिकोतल्या त्रिभुज प्रदेशाला पाणी: नदीतून की कालव्यातून?

पाटकरी:
2014 मध्ये मार्च ते मे मुख्यतः अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्यातून कोरड्या पात्रात 130 दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साधारण 4.6 टीएमसी सोडलं. अमेरिकेशी झालेल्या 1944 च्या करारातल्या मेक्सिकोच्या वार्षिक वाट्याचे (1,850 दलघमी) हे 7 टक्के. बहुतेक पाणी पहिल्या 60 किमीत वाळूत जिरलं. समुद्राला ओघळ टेकला, फोटो झकास आले. वर अमेरिकेतल्या मीड जलाशयाचा साठा उतरत असताना ही चैन कशाला? मेक्सिकोतल्या मेक्सिकाली खोऱ्याच्या शेतीच्या कालव्यांतून, नदीकाठची झाडी परत लावतात त्या जागी थेट पाणी द्या.

गाळपेर:
जिरलेलं पाणी वाया गेलं, हे पाटकऱ्यानं म्हणावं? त्यानं भूजल उचललं. शिवाय कॉटनवुड आणि वाळुंज या नदीकाठच्या झाडांचं बी वसंतात उडतं, काही आठवडेच जगतं, त्याला उघडा ओला गाळ लागतो. नंतर पाणी दिवसाला दोन-अडीच सेंमीपेक्षा वेगानं उतरलं तर मूळ ओलीपर्यंत पोचत नाही, रोप वाळतं. ही उतरती ओल कालव्याच्या आवर्तनातून कशी देणार?

पाटकरी:
पण 2014 ला रोपं धरली ती मुख्यतः झाऊ (बाहेरून येऊन माजलेलं झुडूप) काढून जमीन सपाट केलेल्या जागी. बाकी ठिकाणी झाऊच्या गर्दीत बियाला जागाच नव्हती. 2021 ला मे ते ऑक्टोबर 43 दलघमी कालव्यांतून, कोरडा टप्पा टाळून खाली नेलं, ते उगाच नाही.

निचरावाला:
तुम्ही सोडलेल्या पाण्यावर भांडताय. हा प्रदेश तगलाय गळतीवर! सांता क्लाराची दलदल, सुमारे 6,000 हेक्टर, 1977 पासून ॲरिझोनाच्या शेतांच्या खाऱ्या निचऱ्यावर जगते. ॲरिझोनातल्या युमाचा, याच निचऱ्यातले क्षार काढणारा प्रकल्प चालवला की तिकडे पाणी कमी आणि जास्त खारं जातं. 2010-11 च्या चाचणीआधी 37 दलघमी बदली पाणी ठरलं: अमेरिका, मेक्सिको आणि पर्यावरण संस्था, प्रत्येकी एक तृतीयांश. हे बरोबर झालं. सीमेलगत अमेरिकेच्या हद्दीतून जाणाऱ्या ऑल-अमेरिकन कालव्याच्या 37 किमी अस्तरीकरणात मात्र वर्षाला 83 दलघमी पाझर बंद झाला, मेक्सिकालीच्या विहिरींचा. त्याला ‘बचत’ म्हणतात.

गाळपेर:
मान्य. दोन देशांच्या 2017 च्या करारात त्रिभुज प्रदेशाच्या पाण्याचे तेच तीन वाटे आहेत, पण 2026 पर्यंतच्या नऊ वर्षांना मिळून 259 दलघमी. एकट्या कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्याच्या शेतीचा हक्क वर्षाला 3,800 च्या वर!

पाटकरी:
तिथे 2024 ला लसूणघासाचं उन्हाळी पाणी 45-60 दिवस तोडून शेतकऱ्यांना मोबदला दिला. पीक मरत नाही, कापणी हुकते. पण ते पाणी मीडमध्येच ठेवलं, खाली थेंब नाही.