‘अंडरग्राउंड रेलरोड’ला मराठीत काय म्हणावं? मदत हवी आहे

सातवीच्या मुलांना हॅरिएट टबमनची गोष्ट सांगायची आहे, दहा मिनिटांत. १८४९ मध्ये ती अमेरिकेतल्या मेरीलँडच्या गुलामीतून निसटली, मग साधारण १३ फेऱ्यांत ७० च्या आसपास माणसं सोडवून आणली. (३०० चा आकडा जुन्या चरित्रातला, तो घेत नाहीये.)

अडलंय ‘अंडरग्राउंड रेलरोड’ या नावापाशी. खरी रेल्वे नव्हे, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या माणसांचं गुप्त जाळं. ‘भुयारी रेल्वे’ म्हटलं की पोरं थेट मेट्रोत शिरतात. भाचीवर प्रयोग करून पाहिला, तिने तिकीट किती विचारलं. ‘गुप्त वाट’ म्हणावं तर ‘स्टेशन’ म्हणजे लपायचं घर, ‘कंडक्टर’ म्हणजे वाटाड्या, ही सगळी सांकेतिक भाषा लटकते. आणि मजा तर त्यातच आहे. तोंडी सांगायचंय, तळटीप चालणार नाही.

रेल्वेचं रूपक राहील, पण खरे रूळ डोळ्यांसमोर येणार नाहीत, असा शब्द कुणी वापरलाय का?